पलटणीतून प्राध्यापकीकडे

1895 साली अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातली काही पोरं आपल्या मास्तरांकडे गेली आणि त्यांनी मास्तरांची एक जुनी विजार मागितली. मास्तर घोडदळातले, त्यामुळे विजारीच्या बाजूंना पिवळा पट्टा. पोरांना ती घालायची नव्हती. कापून तिचे तुकडे बिल्ल्यासारखे छातीवर लावायचे होते. मास्तरांची बदली झाली होती आणि त्यांची काहीतरी खूण जवळ राहावी एवढीच इच्छा. मास्तरांनी विजार देऊन टाकली, असं तिथे अजून सांगतात.

हे मास्तर म्हणजे लेफ्टनंट जॉन पर्शिंग. बावीस वर्षांनी, 1917 मध्ये, हाच माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याचा सेनापती होऊन फ्रान्सला गेला. पण 1891 मध्ये तो लिंकन शहरात उतरला तेव्हा एकतीस वर्षांचा, लेफ्टनंटच्या हुद्द्यावर अडकलेला, सीमेवरच्या ठाण्यांत पाच वर्षं काढलेला अधिकारी होता. काम काय, तर कॉलेजच्या पोरांना कवायत शिकवायची. जोडीला थोडं गणित. पोरांना कवायतीचा कंटाळा, आणि प्राध्यापकांना ही लष्करी भानगड आपल्या आवारात कशाला, असा प्रश्न. पर्शिंगने त्यातलीच पोरं निवडून पुढच्याच वर्षी ओमाहाच्या स्पर्धेत उतरवली आणि ती जिंकून आली. पुढे त्यांचं पथक ‘पर्शिंग रायफल्स’ या नावाने ओळखलं जाऊ लागलं आणि इतर विद्यापीठांतही पसरलं.

त्याने तिथे आणखी एक गोष्ट केली. दिवसा कवायत आणि उरलेल्या वेळात कायद्याचा अभ्यास, असं करत 1893 मध्ये वकिलीची पदवी घेतली. मग त्याच्या मनात आलं की सैन्य सोडावं आणि सरळ वकिली करावी. बढतीचं काही दिसत नव्हतं. लिंकनमध्येच चार्ल्स डॉज नावाचा तरुण वकील त्याचा मित्र होता. वकिलांची काही टंचाई नाही, तू आपला सैन्यातच राहा, असं त्याने पर्शिंगला समजावल्याचं सांगतात. हा डॉज पुढे अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला. सल्ला देणारे मित्र असे भेटावेत.

पर्शिंगपुढचा पेच आजही तसाच आहे. अमेरिकेच्या सैन्यात सात-आठ वर्षं काढलेल्या एखाद्या कॅप्टनला विद्यापीठातल्या प्रशिक्षकाची जागा समोर येते. तीन वर्षं कॅम्पसवर राहायचं, मुलामुलींना अधिकारी व्हायला शिकवायचं. जावं की जाऊ नये? बायकोचं मत वेगळं, साहेबाचं वेगळं, मेसमधल्या मित्रांचं तिसरंच. कोणी म्हणतो करिअर संपलं समज. कोणी म्हणतो आयुष्यातली सगळ्यात सुखाची तीन वर्षं. दोघंही अर्धवट खरं बोलतात.

आपल्याकडच्या वाचकाला हे ऐकून आधी एनसीसी आठवणार. मलाही आठवते ती रविवारची सकाळ, मैदानात पॉलिशने चकाकणारे बूट, हवालदारसाहेबांचा फाटका आवाज आणि परेड संपल्यावरचा सामोसा. पण दोन्हींत मोठा फरक आहे. आपल्याकडे कॉलेजातली कंपनी सांभाळतो तो बहुधा तिथलाच एखादा प्राध्यापक. त्याला नागपूरजवळच्या कामठीच्या अकादमीत प्रशिक्षण देऊन एनसीसीचा अधिकारी करतात. सैन्यातला नियमित अधिकारी वरती, बटालियनच्या पातळीवर असतो. आणि ‘सी’ सर्टिफिकेट हाती आलं म्हणून कोणी लेफ्टनंट होत नाही. अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीच्या मुलाखतीपर्यंतची वाट थोडी सोपी होते, इतकंच. अमेरिकेत उलटं आहे. तिथे गणवेशातला अधिकारीच कॉलेजात येऊन शिकवतो, आणि त्याच्या वर्गातून पास होणारा विद्यार्थी पदवीबरोबर थेट कमिशन घेऊन बाहेर पडतो. या योजनेचं नाव ‘रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर’, सगळे म्हणतात आरओटीसी. अमेरिकी सैन्यात दरवर्षी नवे अधिकारी येतात त्यांतला सगळ्यात मोठा वाटा वेस्ट पॉइंटसारख्या अकादम्यांचा नसून या कॉलेजांचा असतो.

आरओटीसीची मुळं जुनी आहेत. 1819 मध्ये ऑल्डन पार्ट्रिज नावाच्या कॅप्टनने व्हरमाँटमध्ये एक शाळा काढली. तीच आजची नॉर्विच युनिव्हर्सिटी. नागरिकानेच गरज पडली तर सैनिक व्हावं, त्यासाठी वेगळी लष्करी जमात नको, हे त्याचं म्हणणं. 1862 मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, मॉरिल कायदा झाला. राज्यांना केंद्राने जमिनी दिल्या. त्या विकून येणाऱ्या पैशांतून शेतकी आणि यंत्रविद्येची कॉलेजं काढायची, आणि तिथे युद्धशास्त्रही शिकवायचं. नेब्रास्का त्यातलंच, म्हणून पर्शिंग तिथे पोचला. 1916 च्या कायद्याने या सगळ्या विस्कळीत प्रकाराला आरओटीसी हे नाव आणि एक चौकट मिळाली. आज लष्कराच्या या शाखा पावणेतीनशेच्या आसपास विद्यापीठांत आहेत, हवाई दलाच्या दीडशेच्या आत, नौदलाच्या साठेक.

कायद्यात एक गमतीचं कलम आहे. ज्या विद्यापीठाला आरओटीसी हवी, त्याने तिथल्या सर्वांत ज्येष्ठ लष्करी अधिकाऱ्याला प्राध्यापकाचा दर्जा दिलाच पाहिजे. त्यामुळे लेफ्टनंट कर्नल हुद्द्याच्या, कधी नुसत्या एमए झालेल्या माणसाच्या दारावर ‘प्रोफेसर ऑफ मिलिटरी सायन्स’ अशी पाटी लागते. हवाई दलात ‘एरोस्पेस स्टडीज’, नौदलात ‘नेव्हल सायन्स’. शेजारच्या खोलीत पंधरा वर्षं पीएचडी आणि कायमच्या नोकरीसाठी झटलेला असोसिएट प्रोफेसर बसलेला असतो. त्याला काय वाटत असेल याचा विचार नव्या माणसाने पहिल्या दिवशी करावा. हाताखालचे कॅप्टन आणि मेजर सहायक प्राध्यापक. आपला प्रश्न मुख्यतः त्यांचा आहे.

समजा, हवाई दलातली एक कॅप्टन आहे. पुरवठा विभागात सात वर्षं नोकरी झाली, परदेशातली एक मोहीम झाली, कागद स्वच्छ आहेत. तिला एका मोठ्या विद्यापीठातली जागा मिळते आहे. आधी तिने कॅलेंडर उघडावं.

अमेरिकी सैन्यात बढतीचं तत्त्व सरळ आहे: वर चढा, नाही तर बाहेर पडा. 1980 च्या अधिकारी व्यवस्थापन कायद्याने ते पक्कं केलं. साधारण दहाव्या वर्षाच्या सुमाराला कॅप्टनचा मेजर व्हायचा प्रश्न निवड मंडळापुढे येतो, सोळाव्याच्या सुमाराला लेफ्टनंट कर्नलचा. मेजरच्या पायरीवर दोनदा नाव गळलं तर बहुतेकांना घरी जावं लागतं. आणि पेन्शन विसाव्या वर्षी. पेन्शन म्हणजे शेवटच्या काही वर्षांच्या मूळ पगाराच्या निम्मी. 2018 नंतर भरती झालेल्यांना चाळीस टक्के आणि जोडीला बचत खात्यात सरकारची भर. त्याआधी बाहेर पडणाऱ्याला हे पेन्शन नाही. म्हणजे दहाव्या वर्षी जो घसरला त्याचं नुकसान नुसतं हुद्द्याचं नसतं.

आता हिशेब बघा. सातव्या वर्षी कॅम्पसवर गेली, तीन वर्षं राहिली, की मंडळ बसेल तेव्हा ती नेमकी कॅम्पसवर असेल. तिच्या फायलीतले शेवटचे दोन-तीन अहवाल कॉलेजातले. मंडळातले कर्नल एकेका फायलीला मोजकी मिनिटं देतात. हवाई दलात ते सहा ते दहाच्या पट्टीवर अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या फरकाने आकडा टाकतात आणि पुढची फाइल उघडतात. समोरच्या दुसऱ्या फायलीत कोणी स्क्वाड्रनमध्ये विमानं वेळेवर उडवली, कोणी युद्धक्षेत्रात दारूगोळा पोचवला. हिच्या फायलीत आहे की पन्नास विद्यार्थ्यांना शिकवलं आणि त्यातले अठरा अधिकारी झाले. वाईट काहीच नाही. पण त्या खोलीत त्याचा तोल कसा करायचा हे बसलेल्या माणसांवर अवलंबून, आणि त्यातल्या कितींनी स्वतः कॅम्पसवर दिवस काढले असतील?

आणखी एक बारीक गोष्ट आहे. अहवालावर शेवटचा शेरा वरिष्ठ मूल्यमापकाचा. लष्करात त्याने सर्वोत्तम हा शेरा निम्म्यापेक्षा कमी जणांना द्यायचा असतो. हवाई दलातही ‘नक्की बढती द्या’ अशी शिफारस मोजून मिळते. पलटणीत हा वरिष्ठ रोज नजरेसमोर असतो. कॉलेजातल्या प्रशिक्षकाचा वरिष्ठ बहुधा शेकडो मैल दूर, अनेक राज्यांतली विद्यापीठं सांभाळणारा. तो तुम्हाला वर्षातून किती वेळा भेटणार? आपण केलेलं काम कागदावर नीट मांडून त्याच्यापर्यंत पोचवणं हेही इथे काम होऊन बसतं. ज्यांना स्वतःविषयी दोन ओळी लिहिताना लाज वाटते, त्यांना हे जड जातं.

लष्कराच्या कॅप्टनचं गणित थोडं निराळं. त्याने कंपनीची कमान सांभाळलेली असली, तर त्या हुद्द्यावरचं मुख्य काम झालं असं धरतात. ती झाल्यावर कॅम्पसवर गेला तर फारसं बिघडत नाही. कमान न करता गेला, तर परत येऊन मेजरच्या मंडळाआधी ती मिळवायला वेळच उरत नाही. वैमानिकाचं आणखी वेगळं. उड्डाणभत्ता अखंड चालू राहायचा तर ठरावीक वर्षांत ठरावीक महिने प्रत्यक्ष उडण्याचं काम झालेलं लागतं. तीन वर्षं जमिनीवर बसणं त्या हिशेबातून वजा होतं आणि हातही उतरतो. वरच्या हुद्द्यांची ज्यांना खरोखर आस आहे, त्यांच्यासाठी 1986 पासून आणखी एक अट आहे: जनरल व्हायचं तर तिन्ही दलांच्या संयुक्त मुख्यालयातलं काम झालेलं हवं. आपल्याच दलाची कॉलेजातली शाखा त्यात मोजत नाहीत.

सैन्य स्वतः या कामाला किती मोल देतं, याची एक खूण मला बोलकी वाटते. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकी लष्कराने आरओटीसीच्या बऱ्याच जागा निवृत्त आणि राखीव अधिकाऱ्यांकडून कंत्राटाने भरून घेतल्या, कारण पलटणींना कॅप्टन कमी पडत होते. तोंडाने कितीही म्हटलं की भावी अधिकारी घडवण्यापेक्षा मोठं काम नाही, तरी माणूस कमी पडला की आधी कुठून उचलतात ते पाहावं. आपल्या शाळांतही निवडणुका आल्या की कोणाला कामाला लावतात, हे आपण बघतोच.

हे सगळं वाचून वाटेल की शहाण्याने जाऊ नये. पण हिशेबाची ही एकच बाजू झाली, आणि ती कागदाची.

दुसरी बाजू पहाटे सहाला सुरू होते. कॅम्पसच्या मैदानावर अंधारात चाळीस-पन्नास पोरं उभी. कोणी रात्री तीनपर्यंत असाइनमेंट करत बसलेला, कोणी गावाकडून पहिल्यांदाच बाहेर पडलेली. पहिल्या दोन वर्षांतल्या बऱ्याच जणांवर कसलंही बंधन नसतं. शिष्यवृत्ती नसलेला मुलगा उद्यापासून येणार नाही म्हणाला तर त्याला कोणी अडवू शकत नाही. म्हणजे पलटणीत ज्या अधिकाऱ्याच्या एका शब्दाने माणसं हलत होती, त्याला इथे हुकूम बाजूला ठेवून अठरा वर्षांच्या मुलाला पटवावं लागतं की थंडीत पळणं त्याच्या फायद्याचं आहे. मोठमोठे शूर इथे गडबडतात.

मग तास. हवाई दलाच्या क्रमात पहिल्या वर्षाला आठवड्याला एक तास, शेवटच्या दोन वर्षांना तीन. त्याखेरीज दर आठवड्याला दोन तासांची ‘लीडरशिप लॅब’, आणि ती चालवतात तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विद्यार्थी. प्रशिक्षकाने भिंतीला टेकून उभं राहायचं, चुका होऊ द्यायच्या, मग बाजूला घेऊन सांगायचं. रांग भलत्याच दिशेला वळली तरी ओरडायचं नाही. ज्याच्या आयुष्याची सात वर्षं चूक दिसली की तिथल्या तिथे दुरुस्त करण्यात गेली, त्याला पहिले सहा महिने हे हातपाय बांधून ठेवल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात विद्यापीठ बंद, पण प्रशिक्षकाला सुट्टी असेलच असं नाही. लष्कराचं मोठं शिबिर केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला, हवाई दलाचं अलाबामातल्या मॅक्सवेल तळावर, आणि तिथे मनुष्यबळ पुरवतात ते कॅम्पसवरचेच प्रशिक्षक.

खरं काम मात्र यात नाही. ते दार लावलेल्या खोलीत होतं. लहानपणी दम्याचा पंप वापरला होता, तो वैद्यकीय फॉर्मवर लिहायचा का, असं विचारणारा मुलगा. गणितात नापास झालेली आणि घरी न सांगितलेली मुलगी. वडिलांची नोकरी गेली म्हणून रात्री हॉटेलात काम करणारा आणि पहाटेच्या परेडला झोपणारा. दोन मैलांची धाव दहा सेकंदांनी हुकणारा, तिसऱ्यांदा. यातल्या प्रत्येकाची फाइल असते आणि त्या फायलीवर प्रशिक्षकाची सही लागते.

त्यातही सगळ्यात कठीण सही काढून टाकण्याची. चार वर्षांची शिष्यवृत्ती घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी काही लागू होत नाही, पण दुसऱ्या वर्षात पाऊल टाकलं की करार पक्का. त्यानंतर तो गळला, तर फीचे पैसे परत मागितले जाऊ शकतात, किंवा साध्या सैनिकाच्या हुद्द्यावर नोकरीही करावी लागू शकते. अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठाची फी म्हणजे काय, हे मुलं तिकडे धाडलेल्या पुण्या-मुंबईतल्या पालकांना सांगायला नको. एकवीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर एवढं कर्ज बसवण्याची शिफारस करायची की आणखी एक संधी द्यायची? संधी दिली आणि उद्या त्याच्या हाताखाली तीस सैनिक आले तर? कागदावर हे ‘विद्यार्थी व्यवस्थापन’ या दोन शब्दांत उरकतं. माझ्या मते पुढे आयुष्यभर कामाला येईल असं या पोस्टिंगमधलं खरं शिक्षण हेच, आणि ते विद्यार्थ्याचं नसून प्रशिक्षकाचं आहे.

घरचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. लष्करी तळावर दवाखाना, स्वस्त किराणा, क्वार्टर, शेजारी त्याच जातकुळीची माणसं. विद्यापीठाच्या गावात यातलं काहीच नसतं; जवळचा तळ कधी दोन-तीन तासांवर. घरभाडं शहराच्या दरानुसार मिळतं, पण बॉस्टनसारख्या ठिकाणी ते पुरवताना दमछाक होते, आणि एखाद्या छोट्या कॉलेजगावात त्यातच अंगण असलेलं घर मिळतं. त्याच्या बदल्यात तीन वर्षं माणूस रात्री घरी असतो. मोहिमेवर जायचं नाही, मुलांची शाळा बदलायची नाही, नवऱ्याला किंवा बायकोला विद्यापीठातच काम मिळण्याची शक्यता. पुष्कळ विद्यापीठं कर्मचाऱ्यांना फी माफ करतात किंवा कमी करतात, तेव्हा एमबीए म्हणा, पीएचडीची सुरुवात म्हणा, संध्याकाळी करता येते. पर्शिंगची वकिली आठवा. ज्याने बाराव्या वर्षी सैन्य सोडायचं मनात ठरवलंय, त्याला दुसऱ्या आयुष्याची तयारी करायला यापेक्षा बरी जागा मिळणं अवघड. ज्याने नाही ठरवलं, त्याला घराची ही चटक लागते आणि परतताना त्रास होतो. तोही विचार आधीच केलेला बरा.

जागेजागेतही फरक पडतो. पर्शिंगचंच पाहा. नेब्रास्कातली पोरं त्याची विजार मागत होती. दोनच वर्षांनी, 1897 मध्ये, तो वेस्ट पॉइंटला प्रशिक्षक म्हणून गेला तर तिथल्या कॅडेटांना तो इतका नकोसा झाला की त्यांनी त्याला कुचेष्टेचं नाव ठेवलं. तो कृष्णवर्णीय सैनिकांच्या दहाव्या घोडदळात राहिलेला म्हणून ते नाव वर्णद्वेषी शिवीवरून पडलं. तेच सौम्य होऊन पुढे ‘ब्लॅक जॅक’ झालं. माणूस तोच, शिस्तही तीच. नेब्रास्कात शिस्त ही नवलाईची गोष्ट होती, वेस्ट पॉइंटला ती आधीच उतू जात होती. म्हणून जागा स्वीकारण्याआधी तिथल्या प्रमुखाला आणि जमलं तर आत्ताच तिथे असलेल्या प्रशिक्षकाला फोन करावा, विद्यापीठाचं नाव पाहून भुलू नये.

सगळ्याच काळात कॅम्पस आपुलकीने वागलेलं नाही. व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत आरओटीसीची इमारत म्हणजे संतापाचं पहिलं लक्ष्य. 2 मे 1970 च्या रात्री ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठातली तशीच इमारत जळाली. दोन दिवसांनी नॅशनल गार्डच्या गोळीबारात तिथे चार विद्यार्थी मेले. हार्वर्ड, येल, कोलंबिया यांनी त्या सुमारास आरओटीसीला जवळपास हाकललंच. ती परतू लागली 2011 मध्ये, समलिंगी सैनिकांवरची बंदी उठल्यावर. आज गणवेश घालून ग्रंथालयात जाणाऱ्याला बहुधा कोणी काही म्हणत नाही, पण एखादा विद्यार्थी थांबून इराकबद्दल किंवा ड्रोनबद्दल सरळ प्रश्न विचारतो. त्याचं उत्तर पलटणीतल्या भाषेत देऊन चालत नाही. मला विचाराल तर सैन्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी असा प्रश्न अंगावर घ्यावा.

आता मोठी नावं. आरओटीसीची बाजू घेणारे ती हमखास काढतात, आणि तिथे थोडं जपून ऐकावं. पर्शिंग सेनापती झाला हे खरं, पण कॅम्पसमुळे झाला असं नाही. लिंकन सोडल्यावरही त्याला कॅप्टन व्हायला 1901 उजाडलं, वय चाळीस. 1906 मध्ये अध्यक्ष रूझवेल्टने त्याला कॅप्टनवरून एकदम ब्रिगेडियर जनरल केलं, 862 ज्येष्ठांना ओलांडून. तोवर फिलिपिन्समधली कामगिरी नावावर होती. शिवाय सासरे सेनेटर आणि सेनेटच्या लष्करी समितीचे अध्यक्ष, त्यामुळे तेव्हा कुजबुजही भरपूर झाली. ज्या शेकडो लेफ्टनंटांनी अशाच कॉलेजांत कवायत शिकवली आणि तिथेच संपले, त्यांची चरित्रं कोणी लिहिली नाहीत. यश मिळालेल्यांकडे बघून वाट ठरवायची तर कुठलीही वाट बरोबरच दिसते.

तरी एक धागा मात्र खरा वाटतो. न्यू यॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये 1954 मध्ये जमैकाहून आलेल्या आईबापांचा एक मुलगा शिकायला गेला. अभ्यासात यथातथा. त्याला कॉलेजात एकच गोष्ट मनापासून आवडली, गणवेशातली पोरं, आणि तो गेला तोही पर्शिंग रायफल्समध्ये. कॉलिन पॉवेल. 1989 मध्ये तो अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुखपदी बसला; आरओटीसीतून त्या खुर्चीपर्यंत पोचलेला तो पहिला. सिटी कॉलेजात त्याला कवायत शिकवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वार्षिक अहवालात याचा उल्लेख असणं शक्यच नव्हतं. अहवाल दर वर्षी लिहितात आणि या कामाचं पीक तीस वर्षांनी येतं. निवड मंडळाला दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या पट्टीवर ते मावतच नाही.

तेव्हा आपल्या त्या कॅप्टनने काय करावं? माझं मत विचाराल तर: मेजरचं मंडळ तोंडावर असताना जाऊ नये. ते पार पडल्यावर जावं. किंवा हुद्द्यातलं मुख्य काम नुकतंच उत्तम झालं असेल आणि त्याचा अहवाल फायलीत ताजा असेल, तेव्हा जावं. विश्रांतीसाठी तर मुळीच जाऊ नये, कारण पहाटे सहाला मैदानावर उभा राहणारा मुलगा पहिल्या आठवड्यात ओळखतो की साहेब दमून इथे आलाय. आणि लोक आवडत नसतील तर कितीही चांगलं विद्यापीठ असलं तरी नाही म्हणावं. नौदलात, हवाई दलात अशी पुष्कळ चांगली माणसं आहेत ज्यांना यंत्रं कळतात, माणसं नाही. त्यात कमीपणा नाही.

दर मे महिन्यात पदवीदानानंतर अशा प्रत्येक विद्यापीठात एक छोटा कार्यक्रम होतो. नवा सेकंड लेफ्टनंट शपथ घेतो, आई आणि बाप दोन खांद्यांवर सोनेरी पट्ट्या लावतात, आणि मग कोणीतरी सार्जंट पुढे येऊन त्याला आयुष्यातला पहिला सलाम ठोकतो. नवा अधिकारी सलाम परत करतो आणि त्याच्या हातावर चांदीचा एक डॉलर ठेवतो. जुनी रीत आहे. हा डॉलर कोणाला द्यायचा ते विद्यार्थीच ठरवतो. बरेचदा तो त्याच सार्जंटला मिळतो ज्याने चार वर्षं पहाटे त्याच्यावर आवाज चढवला. कॅप्टनसाहेब बाजूला उभे असतात, त्यांना डॉलर मिळत नाही. ते अधिकारी ना.

एक नाव मागे ठेवलं होतं. 1926 मध्ये अमेरिकी नौदलाने सहा विद्यापीठांत पहिल्यांदा आपल्या शाखा उघडल्या. त्यातल्या बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शाखा उभी करायला पाठवलं चेस्टर निमिट्झ या कमांडरला. पाणबुड्यांचा जाणकार, मुख्य ताफ्याच्या प्रमुखाच्या हाताखालून थेट वर्गात. समुद्रापासून दूर तीन वर्षं म्हणजे नौदलातल्या माणसाला शिक्षाच. तो 1929 पर्यंत तिथे राहिला. बारा वर्षांनी पर्ल हार्बर झालं आणि पॅसिफिकचा सगळा ताफा त्याच्या हाती आला. त्या ताफ्यातले बहुतेक तरुण अधिकारी अकादमीतून आलेले नव्हते, ते थेट कॉलेजांतून उचललेले राखीव अधिकारी होते. त्यांच्याशी कसं बोलायचं हे निमिट्झला आधीपासून माहीत होतं.

आपल्याकडे त्याचं नाव वेगळ्याच कारणाने ऐकलेलं असू शकतं: 1949 मध्ये काश्मीरच्या सार्वमताचा प्रशासक म्हणून संयुक्त राष्ट्रांनी ज्याला नेमलं तो हाच. सार्वमत झालं नाही, तो काही आला नाही. युद्धानंतर त्याला अमेरिकेत कुठेही राहता आलं असतं. त्याने बर्कलीत घर घेतलं आणि 1948 ते 1956 अशी आठ वर्षं त्याच विद्यापीठाच्या नियामक मंडळावर काम केलं.